अलिबागची चुंबकसूची व आपलें अवधान

मुंबईच्या गेटवेवरून लाँचनें मांडव्यास उतरून अलिबागेस जाणाऱ्या प्रवाशांपैकीं बहुतेकांस अलिबाग म्हणजे कुलाब्याचा जलदुर्ग, कान्होजी आंग्र्यांची समाधि, नारळी-पोफळीच्या वाड्या व समुद्रकिनारा एवढेंच ठाऊक असतें. याच गांवीं एक संस्था एकशेंवीस वर्षांहून अधिक काळ एकाच कामास वाहून घेऊन बसली आहे. परंतु तिचें काम डोळ्यांस दिसणारें नसल्यामुळें तिची वास्तपुस्त फारसें कोणी करीत नाहीं. ही संस्था म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा. ती मुंबईहून येथें कां आली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण आज घरोघर आईबापांस व शिक्षकांस जो एक प्रश्न भेडसावीत आहे, त्याकडे पाहण्याची एक निराळी दृष्टि त्या इतिहासांतून मिळते, असें मला वाटतें. तो प्रश्न म्हणजे हातांतील फोन व त्यावरील समाजमाध्यमें यांचा आपल्या चित्तावर होणारा परिणाम. सुई, ट्रामगाडी व फोन यांचा मेळ कसा बसतो, तें वाचकांनीं पुढें पाहावें.

ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकास, कुलाबा येथें, वेधशाळा स्थापिली, ती मुख्यतः ज्योतिषाच्या वेधांसाठीं व जहाजांस अचूक वेळ कळावी म्हणून. त्या सुमारास पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत चुंबकाचे वेध एकाच पद्धतीनें घ्यावेत, अशी मोठी चळवळ युरोपांतील विद्वानांनीं आरंभिली होती. १८४१ पासून कुलाब्यासही, एल्फिन्स्टन संस्थेंतील प्राध्यापक ऑर्लेबर यांच्या देखरेखीखालीं, हें काम सुरू झालें. तें ऐकावयास सोपें, पण करावयास कठीण. पृथ्वीचें चुंबकीय बल या प्रदेशांत सुमारें चाळीस हजार नॅनोटेस्ला धरलें, तर शांत दिवशीं त्यांत होणारा चढउतार कांहीं दशकांचाच. म्हणजे हजारांत एखाददुसरा भाग. टांगलेला चुंबक त्यामुळें जो डुलतो, तो नुसत्या डोळ्यांस दिसतही नाहीं. म्हणून चुंबकास लहानसा आरसा जोडीत, व दूर ठेवलेल्या दुर्बिणींतून त्या आरशांत पडलेलें मोजपट्टीचें प्रतिबिंब वाचीत. पुढें १८७० नंतर प्रकाशलेखनाचीं यंत्रें आलीं. परंतु पहिलीं तीस वर्षें ही नोंद मनुष्याच्या डोळ्यांनींच होत असे. ठरलेली घटका भरली कीं निरीक्षकानें दुर्बिणीशीं बसावें, आंकडा वाचावा, वहींत लिहावा व पुढच्या घटकेची वाट पाहावी. मग दिवस असो, रात्र असो, कीं आषाढाचा पाऊस कोसळत असो.

१८४० च्या सुमारास या वेधशाळेंत एक कोवळ्या वयाचा मुलगा नोकरीस लागला. अलिबागेशेजारच्या नागाव येथें जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे ते हेच. पुढें पुण्यास गणित व ज्योतिष यांचे अध्यापक म्हणून त्यांची कीर्ति झाली. 'ग्रहसाधनांचीं कोष्टकें' हा त्यांचा ग्रंथ १८६० सालीं प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. केरूनानांच्या विद्वत्तेचें श्रेय त्यांच्या बुद्धीस देणें योग्यच आहे. परंतु ज्याच्या उमेदीचीं वर्षें किंचित् हलणाऱ्या आंकड्यांच्या सहवासांत गेलीं, त्यास एकाग्रतेची जी तालीम मिळाली असेल, तिचाही वांटा त्या विद्वत्तेंत नसेल काय?

या चिकाटीचें फळ किती मोठें असूं शकतें, याचें उदाहरण १८५९ सालीं घडलें. त्या वर्षीं १ सप्टेंबर रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर एक लखलखीत तेजाचा झोत दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आंतच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रांचें काम विस्कळित झालें, व एरवीं ध्रुवप्रदेशांत दिसणारे रंगीत प्रकाश उष्ण प्रदेशांतील लोकांनींही पाहिले. त्या दिवशीं कुलाब्यास निरीक्षक आपल्या जागेवर होता. त्यानें टिपलेल्या आंकड्यांवरून तेथील चुंबकीय बल सुमारें सोळाशें नॅनोटेस्लांनीं खालीं आल्याचें दिसतें. त्या वादळाची तीव्रता अजमावण्यासाठीं २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं ज्या नोंदीचा आधार घेतला, ती मुंबईचीच होय. एकशें चव्वेचाळीस वर्षें वहींत पडून राहिलेला आंकडा जगाच्या उपयोगीं पडला, याचें कारण ती सुई निर्वेध होती व तिच्याकडे पाहणारा जागा होता.

आतां ट्रामगाडीकडे वळूं. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ पासून धांवत होत्या. त्यांचा चुंबकास उपद्रव नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या विजेवर चालविण्याचें घाटूं लागलें, तेव्हां मात्र वेधशाळेपुढें संकट उभें राहिलें. विजेची ट्राम वरच्या तारेंतून प्रवाह घेते व तो रुळांवाटे परत पाठविते. परंतु सगळाच प्रवाह रुळांतून मुकाट्यानें परत जात नाहीं. कांहीं जमिनींत झिरपतो व वाट फुटेल तिकडे फिरतो. गाडी सुटली, थांबली, चढावर लागली कीं हा प्रवाह कमीजास्त होतो, व त्याबरोबर आसपासचे चुंबकही डुलूं लागतात. हा अनुभव कांहीं एकट्या मुंबईच्या वांट्यास आला नाहीं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचें चुंबकीय कामही याच कारणानें स्कॉटलंडांत एस्कडेलम्यूर येथें न्यावें लागलें, व तेथील वेधशाळा १९०८ सालीं सुरू झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ट्राममुळें सुई मोडत नाहीं. ती पूर्वींसारखीच हलते, किंबहुना अधिकच हलते; वहीही आंकड्यांनीं भरतच राहते. मात्र त्या आंकड्यांत सूर्याचें किती व ट्रामचें किती, हें निवडतां येईनासें होतें.

त्या वेळीं वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. १८९६ पासून त्या पदावर असलेले ते पहिले भारतीय. अशा प्रसंगीं मनुष्याच्या हातून दोन चुका संभवतात. एक, 'ट्राम ही शास्त्राची वैरीण आहे, ती नकोच' म्हणून हट्ट धरून बसणें. दुसरी, 'सुईनेंच मन घट्ट करून ट्रामकडे लक्ष देऊं नये' अशी अपेक्षा करणें. पहिलीनें लाखो लोकांची सोय बुडाली असती. दुसरी तर हास्यास्पदच आहे, कारण सूक्ष्म हालचालीनें हलणें हाच सुईचा गुण. जी सुई ट्रामनें हलणार नाहीं, ती सूर्यानेंही हलणार नाहीं. मूस यांनीं तिसरा मार्ग पत्करिला. मुंबईपासून सुमारें तीस किलोमीटरांवर, खाडीपलीकडे, अलिबाग येथें त्यांनीं नवी जागा निवडली. इमारतीसाठीं चुंबकत्वहीन असा पोरबंदरी दगड वापरला, व सुईस भुलवील असें लोखंड आंत राहूं नये अशी दक्षता घेतली. १९०४ पासून तेथें वेध सुरू झाले. तरी कुलाब्याचे वेध लगेच बंद केले नाहींत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी ठेवून जुन्या-नव्याचा ताळा पाहिला, व मगच कुलाब्याचें चुंबकीय काम थांबविलें. ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची पहिली ट्राम धांवली व १९६४ पर्यंत ट्रामनें मुंबईची चाकरी केली. अशा रीतीनें मुंबईच्या कुलाब्याची सुई, ज्या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड म्हणतात त्या कुलाबा जिल्ह्यांत येऊन स्थिरावली. आणि केरूनानांच्या जन्मगांवाच्या शेजारींच ती आली, हा योगायोगही गोड आहे.

अवधान हीही एक टांगलेली सुईच होय. कोठें कांहीं खुट्ट वाजलें, कोणी आपलें नांव घेतलें, कीं तें तिकडे वळतें. यांत दोष नाहीं. रानांत राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचे प्राण याच गुणानें वांचले. फोनच्या नोटिफिकेशननें चित्त वळतें तें याच जुन्या वाटेनें. शिवाय वळलेलें चित्त तितक्याच लवकर परत येत नाहीं. सोफी लरॉय या संशोधिकेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दाखविलें कीं, एक काम अर्धवट टाकून दुसरें हातीं घेतलें असतां मनाचा कांहीं अंश पहिल्यांतच रेंगाळत राहतो, व दुसरें काम त्या मानानें फिकें उतरतें. धड्याच्या मध्यें दहा वेळां फोन पाहणारा विद्यार्थी दहा मिनिटेंच गमावतो, हा हिशेब म्हणून खोटा.

पुन्हां पुन्हां फोन पाहण्याची ओढ कोठून येते? मेंदूंत डोपामाइन नांवाचें एक रसायन आहे. त्यास 'सुखाचें रसायन' म्हणण्याची चाल पडली आहे. ती फारशी बरोबर नाहीं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस माकडांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, ठरल्याप्रमाणें फळ मिळालें तर डोपामाइनच्या पेशी विशेष चाळवत नाहींत. अनपेक्षित मिळालें तर चाळवतात, व अपेक्षिलेलें न मिळाल्यास मंदावतात. त्याच्या कितीतरी आधीं, १९५७ सालीं, फर्स्टर व स्किनर यांनीं कबुतरांवरील प्रयोगांवरून दाखविलें होतें कीं, दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे पक्षी चोंच मारणें सोडीतच नाहीं. जुगाऱ्यास खिळवून ठेवणारें तत्त्व हेंच. फोनच्या पडद्यावर बोट फिरवितांना पुढें येणारी गोष्ट भिकार असेल कीं बहारीची, याचा नेम नसतो; म्हणूनच बोट थांबत नाहीं. त्यांत २००६ सालीं एझा रॅस्किन यांनीं असें पान योजिलें कीं ज्यास तळच नाहीं. आणि २००९ सालीं फेसबुकनें पसंतीचें बटण आणिलें, त्यामुळें आपल्या लिहिण्यास किती जणांनीं मान डोलविली हें पाहण्याची नवीच चटक लागली. पुस्तकाचें प्रकरण संपतें, मासिकाचा अंक संपतो, गप्पांचा अड्डाही जेवणाच्या हाकेनें मोडतो. रील मात्र संपत नाहीं.

ट्रामचा दृष्टांत येथें थोडा अपुरा पडतो, हेंही कबूल केलें पाहिजे. ट्रामला सुईशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तिचा उपद्रव अनवधानानें होत असे. समाजमाध्यमांचा व्यापार मात्र आपल्या अवधानावरच चालतो. जितका वेळ आपण पाहत राहूं, तितक्या जाहिराती दिसणार व तितका त्यांचा गल्ला भरणार. ट्रामवाल्यांनीं जर सुईच्या प्रत्येक डुलण्यावर पैसा मिळविला असता, तर त्यांनीं रूळ वेधशाळेच्या दारांतूनच नेले असते! म्हणून 'मुलांस मनोनिग्रह राहिला नाहीं' एवढें म्हणून हात झटकणें अन्यायाचें आहे. एका बाजूस बारा वर्षांचें पोर व दुसऱ्या बाजूस शेंकडों कुशल अभियंते, हा सामना बरोबरीचा नव्हे.

तथापि भयाचा अतिरेकही नको. ऑर्बेन व प्रशिबिल्स्की यांनीं २०१९ सालीं फार मोठ्या प्रमाणावर जमविलेल्या माहितीचा अभ्यास केला, तेव्हां किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यांतील फरकांपैकीं फार तर हजारांत चार भाग यंत्रांच्या वापराशीं निगडित दिसले. ही सरासरी आहे; एखाद्या मुलाची झोंप, अभ्यास व मैत्री फोननें पुरती नासलेली असूं शकते आणि दुसऱ्यास त्याची बाधाही होत नसेल. म्हणून प्रत्येक घरानें आपापलें मूल पाहावें. शेजारच्या मुलावरून किंवा वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून अनुमान काढूं नये.

शिवाय संदेशाचें मोल काय असतें, हें रायगडच्या किनाऱ्यास कोणीं शिकवावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रांत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. माणसें लाटांशीं झुंजत असतां मुंबईस कित्येक तास त्याची गंधवार्ताही नव्हती. पोहून व मचव्यांच्या आश्रयानें वांचलेल्यांकडून ती बातमी कळली. त्यानंतर सुमारें त्र्याहत्तर वर्षांनीं, ३ जून २०२० रोजीं, 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन थडकलें. वीज गेली, मनोरे कोसळले, व श्रीवर्धन-मुरुडकडील गांवांत फोन दिवसचे दिवस मुके झाले. मुंबई-पुण्यांतील लेकी-लेक आईबापांचा आवाज कानीं पडावा म्हणून व्याकुळ झाले होते. ज्यानें तें अनुभविलें, त्यास 'फोन फेंकून द्या' हा उपदेश मानवणार नाहीं, आणि मानवूंही नये. लादलेलें मौन व निवडलेलें मौन यांत महदंतर आहे.

निवडलेल्या मौनाचें एक अलीकडील उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव नांवाचें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. महामारीच्या काळांत शाळा फोनवर आल्या व मुलें फोनलाच चिकटून राहिलीं, असें तेथील मंडळींस आढळून आलें. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गांवानें ठराव केला कीं, संध्याकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजला कीं घरोघरचे दूरदर्शन-संच व फोन बंद व्हावेत, व साडेआठास पुन्हां भोंगा वाजेपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा व मोठ्यांनीं वाचावें-बोलावें. भोंगा सर्वांसाठीं एकच वाजतो, ही यांतली खरी खुबी. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर तो मित्रांपासून तुटतो व चिडतो. सगळ्यांचाच बंद झाला तर कोणाचें कांहीं चुकत नाहीं. मूस यांनीं सुईस जें अंतर दिलें तें समुद्राचें. वडगांवानें दिलें तें दीड तासाचें.

अलिबागच्या या इतिहासांतून गृहस्थाश्रमी माणसानें तीन गोष्टी उचलाव्या, असें माझें नम्र मत आहे. पहिली अंतराची. २०१७ सालीं एड्रियन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलींत ठेवून आलेल्यांनीं, तो मेजावर पालथा ठेवणाऱ्यांपेक्षां बुद्धीच्या कसोट्यांत सरस कामगिरी केली. पुढें इतरांनीं केलेल्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम आढळला नाहीं; पण फोन खोलीबाहेर ठेवण्यास खर्चही कांहीं नाहीं. तेव्हां फोनचा चार्जर निजण्याच्या खोलींतून उठवून ओसरीवर किंवा दिवाणखान्यांत न्यावा, व जाग येण्यासाठीं गजराचें साधें घड्याळ विकत घ्यावें.

दुसरी गोष्ट लोखंडाची. नव्या वेधशाळेंत लोखंड राहूं दिलें नाहीं, त्याप्रमाणें फोनमधूनही अनावश्यक हांका काढून टाकाव्यात. माणूस बोलावतो तेव्हां फोन वाजावा. यंत्र बोलावतें तेव्हां वाजूं नये. नातेवाइकांच्या ग्रूपवर पहाटेपासून येणारीं शुभ प्रभातेंही दुपारीं एकदां पाहिलीं असतां कोणाचें अशुभ होत नाहीं. आणि येथें वडील माणसांनींच आरंभ करावा हें बरें. जेवतांना स्वतः पडद्यावर डोळे लावून मुलास उपदेश करणारा बाप म्हणजे खिशांत खिळे घेऊन चुंबकाच्या खोलींत शिरणारा निरीक्षकच होय.

तिसरी गोष्ट ताळ्याची, व ती सर्वांत महत्त्वाची. मूस यांनीं दोन वर्षें दोन्हींकडच्या नोंदी ठेविल्या. आपण निदान दोन आठवडे ठेवाव्या. फोनमध्येंच दिवसाचा हिशेब मिळतो; तो वहींत उतरावा, व शेजारीं त्या दिवशींची झोंप, वाचलेलीं पानें व मनाची स्थिति एका ओळींत लिहावी. पुढचे दोन आठवडे समाजमाध्यमें बाजूस ठेवून तीच नोंद करावी. २०१८ सालीं अमेरिकेंत सुमारें चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला. त्यांस दिवसाकांठीं तासभर मोकळा मिळाला व मनास थोडें बरें वाटलें. मात्र बातम्यांचें ज्ञान कमी झालें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत फोनवरील इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवलें, पण बोलणें व साधे संदेश चालूं ठेवले. तेव्हां एका गोष्टीवर चित्त टिकविण्याची शक्ति वाढलेली दिसली. लाभ मिळाला, कांहीं तोटाही झाला. आपल्या घरीं कोणतें पारडें जड होतें, हें दुसऱ्याच्या प्रयोगावरून नव्हे, तर आपल्या वहीवरूनच कळेल.

मूस यांनीं कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचें साक्षेपी विवेचन १९१० सालीं प्रसिद्ध केलें. एकेका दिवसाचा आंकडा क्षुल्लक. पण साठ वर्षांच्या आंकड्यांतून सूर्य-चंद्रांचा प्रभाव स्पष्ट उमटला. मुलांच्या मनाचेंही असेंच आहे. एका संध्याकाळच्या वाचनानें कोणी विद्वान् होत नाहीं, व एका संध्याकाळच्या रीलनें कोणी बिघडतही नाहीं. परंतु आपणांस काय आवडतें, कशाची लाज वाटते, कोणाविषयीं खरी माया आहे, हें मुलाला हळूहळू, पुष्कळशा शांत संध्याकाळींच कळत जातें. त्या संध्याकाळीं दुसऱ्यांच्या गलबल्यानें भरून गेल्या, तर मन चालतच राहील, रागलोभही होतच राहतील. पण त्यांत आपला राग कोणता व पडद्यानें उठविलेला कोणता, हें त्यालाच सांगतां येणार नाहीं. विजेच्या ट्रामगाड्या जर १८५९ सालींच कुलाब्यावरून धांवत असत्या, तर त्या सप्टेंबरांतही सुई हललीच असती. फक्त सूर्यावर काय घडलें, तें तिच्याकडून आपणांस कळलें नसतें.